फ्रान्समधला शंकराभरणम

मी फ्रान्सला गेले ती बसने. पहाटे तंजावूरहून निघालो, पापनाशमला इंजिन तापलं म्हणून अर्धा तास रस्त्याच्या कडेला बसलो, कुंभकोणमला स्टँडवर कॉफी घेतली, दुसऱ्या बसने कारैकाल गाठलं आणि तिथून ट्रंका, पाटा-वरवंटा आणि अप्पांचं फिडल यांच्यासकट बैलगाडीत बसून दिवेलागणीच्या आत फ्रान्सात दाखल झालो. पासपोर्ट नाही, बोट नाही, काही नाही. पुण्याची माझी सून हे ऐकून डोळे मोठे करते, म्हणून आधीच सांगून टाकते. कारैकालच्या आसपासची थोडी गावं इंग्रजांची कधी नव्हतीच, फ्रेंचांची होती. मी जन्मले त्याच्या थोडं आधी फ्रेंच गेले, पण जाताना आपल्या सवयी तिथेच विसरून गेले आणि गावकऱ्यांनी त्या झटकून, घडी घालून नीट ठेवून दिल्या. त्यातलंच एक मेलक्कोडी. चाळीस घरं, एक तळं, भातशेती आणि शेतांपलीकडे कालवा. कालव्याच्या पल्याड पुन्हा आपलं तमिळनाडू. पल्याडची माणसं मेलक्कोडीला सरळ 'फ्रान्स'च म्हणायची. त्यांच्याकडे दारूबंदी होती आणि आमच्याकडे नव्हती, त्यामुळे रोज संध्याकाळी ताडाच्या ओंडक्यांचा पूल ओलांडून पुष्कळ माणसं गंभीर चेहऱ्याने फ्रान्सला यायची आणि तासाभराने गात गात मायदेशी परतायची.

फ्रेंच गेले, शाळा इंग्रजी झाल्या आणि इंग्रजी शिकवायला माणसं मिळेनात. अप्पा तंजावुरात एका खाजगी शाळेत मुलांचं इंग्रजी घासूनपुसून काढत होते. त्यांनी अर्ज टाकला आणि नेमणूक आली. राजवाड्यामागच्या आमच्या बोळात नुसती बोंब झाली. बोळात सगळी आपलीच मराठी घरं, म्हणजे बातमी एका न्हाणीघरातून दुसऱ्यात जायला तांब्याभर पाण्याचाही वेळ लागायचा नाही. आत्या पदर खोचून आली. "वेंकटा, पोर तेराची झाली, पुढच्या वर्षी परकरावर दावणी नेसेल, आणि तू तिला सारायच्या, दारूच्या गावी नेतोस? तिथे म्हणे सकाळी उठल्या उठल्या पितात!" आई कॉफीचं पात्र ट्रंकेत गुंडाळत होती. तिने मान वर न करता उत्तर दिलं, "पिऊं देत की वन्सं. आम्ही आपली कॉफी नेत्यें आहों." आमच्या घरातलं मराठी हे असं. सून म्हणते, हे लिहिलेलं जरा नीट करून देते. मी म्हटलं, बाई, स्वल्पविराम हवे तेवढे घाल, शब्दांना हात लावू नकोस.

मेलक्कोडीचा स्वभाव मला पहिल्या दिवशीच कळला. घाई करायची नाही आणि चूक कबूल करायची नाही. गावात एक पांढरं चर्च होतं आणि हाकेच्या अंतरावर पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, देऊळ. संध्याकाळी सहाला दोन्हीकडे घंटा व्हायची, पण एकाच वेळी कधीच नाही. आधी एक वाजायची, मग तुमचा कुकर एक शिट्टी देईल इतक्या वेळाने दुसरी. चर्चचे लोक म्हणायचे देऊळ मागे आहे, देवळाचे म्हणायचे चर्च पुढे पळतं. अप्पांनी शाळेचं घड्याळ दोहोंच्या बरोब्बर मधे लावलं, तेव्हा दोन्ही पक्ष येऊन त्यांना समजावून गेले की वात्तियार, तुमचंच चुकतंय. वात्तियार म्हणजे मास्तर. दुपारी बारा ते तीन दुकान बंद. बंद म्हणजे दार उघडंच असायचं, दुकानदार तांदळाच्या पोत्यावर उताणा पडलेला असायचा आणि डाळ मागितली की डोळे न उघडता म्हणायचा, "फेर्मे." फ्रेंचमध्ये बंद. आई एकदा चिडून म्हणाली, "अरे मेल्या, दोन हात लांब तर आहे डाळ!" त्याने डोळे न उघडताच सांगितलं, "अम्मा, डाळ आहे. दुकान नाहीये." आता मलाही जेवणानंतर कोणी फोन केला की मी तेच म्हणते. नातवाला वाटतं आजीला फ्रेंच येतं.

घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर आणि एक शेवगा. सकाळी सातला सायकलवरून पाववाला यायचा. त्याच्या मागच्या टोपलीत हातभर लांबीचे पाव उभे असत. आईने पहिला पाव विकत घेतला तेव्हा पाट्यावर आपटून पाहिला. "हे चुलीत घालायचं की पोटात?" मग तिने त्याचे काप केले, गरम सारात बुडवले, वर तूप सोडलं, आणि आमच्या घरात एक नवीन पदार्थ जन्माला आला. सोबत डांगर, म्हणजे उडदाच्या भाजक्या पिठात ताक घालून वर फोडणी. तंजावुरच्या बोळाने हे पाहिलं असतं तर आम्हांला वाळीतच टाकलं असतं. पण खरं सांगते, पुढे मी पुष्कळ मोठमोठ्या ठिकाणी जेवले आणि त्या सारातल्या पावाची चव मला कोठेही सापडली नाही. पहाटे तळ्याच्या काठावरून नादस्वरम ऐकू यायचं, त्याच्यावर कोंबडे, त्यावर आईची कॉफी गाळण्याची थेंबथेंब, आणि मग शेजारून एका म्हाताऱ्याचा आवाज. तो रोज बकऱ्यांना फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचा.

ते आमचे सोल्दा तात्ता. सोल्दा म्हणजे फ्रेंच फौजेतला शिपाई, तात्ता म्हणजे आजोबा. नाव सवरिमुत्तु, पण ते चर्चच्या वहीतच राहिलं. काळे कुळकुळीत, सागाच्या खांबासारखे उंच, एका गुडघ्यात कोणत्या तरी लढाईची गोळी, त्यामुळे तो पाय वाकायचा नाही. कमरेला लुंगी आणि डोक्यावर फौजेची ताठ टोपी. अप्पांना 'मोस्यो राव' म्हणायचे, मला 'मादम्वाझेल यमू'. तेरा वर्षांच्या, तेलाने चापून वेण्या घातलेल्या पोरीला कोणी इतक्या थाटात हाक मारली की ती जन्मभर त्या माणसाची होते. बकऱ्यांना द्यायच्या शिव्या मला शिकवा म्हणून मी मागे लागायची. ते गंभीरपणे म्हणायचे, "लग्न झाल्यावर शिकवीन. तेव्हा उपयोग पडेल."

चर्चपुढच्या मोकळ्या जागेत कमरेएवढा एक दगड होता. त्यावर अकरा नावं. मेलक्कोडीतून फ्रान्ससाठी लढायला गेले आणि परत आले नाहीत, ते अकरा. अकरावं नाव तात्तांच्या थोरल्या भावाचं. दोघे एकाच बोटीने गेले होते. दर चौदा जुलैला, फ्रान्सच्या मोठ्या सणाला, तात्ता पदकं लावून त्या दगडाशी झेंडा चढवत, बिगुलावर स्वतः फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवत आणि मग अकरा नावं मोठ्याने वाचत. एवढाच समारंभ. सगळं गाव जमायचं. बायका आदल्या दिवशी दगडाभोवती रांगोळी घालत आणि त्याला कुंकूही लावत. आमच्याकडे उभ्या दगडाला कुंकवावाचून राहू देत नाहीत.

आम्ही गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी पाँडिचेरीहून तात्तांना पत्र आलं. त्यांनी ते आमच्या ओट्यावर बसून अप्पांना तमिळमध्ये सांगितलं. लहान गावांत आता जुने शिपाई उरले नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षीपासून सगळ्यांचा मिळून एकच झेंडा कारैकालला लावावा असा वरच्यांचा विचार आहे. तरी यंदा एक लष्करी साहेब स्वतः मेलक्कोडीला येतील आणि समारंभ रीतसर होतो की नाही ते पाहून काय ते ठरवतील. तात्तांनी पत्राची घडी केली. "मोस्यो राव, या पायाने मला बसची पायरी चढवत नाही. आणि मी कसाबसा गेलो तरी, तिथे काय, शंभर नावं वाचतील. आमच्या अण्णाचं नाव या मातीत कोण वाचणार?" एवढं बोलून ते हसले, आणि तेव्हाच आम्हां सगळ्यांच्या लक्षात आलं की घोडं आणखी एका ठिकाणी पेंड खातंय. पोंगलच्या सुमारास त्यांचे पुढचे चार दात पडले होते. दातांवाचून बिगूल वाजत नाही. फुंकर मारली की नुसता सायकलच्या चाकातून वारा जावा तसा फुस्स आवाज यायचा.

अप्पांनी कपाळाला हात लावला आणि मग फिडल काढलं. तात्तांनी बोळक्या तोंडाने गुणगुणायचं, अप्पांनी तारेवर शोधायचं, मी स्वर वहीत लिहायचे. वही तमिळ लिपीत. देवनागरी मी फार पुढे, पन्नाशीनंतर शिकले. दोन संध्याकाळी गेल्या आणि अप्पा एकदम गज थांबवून ओरडले, "अगे यमू, हा तर शंकराभरणम!" शंकराभरणम म्हणजे तुमच्या बिलावलाचा सख्खा भाऊ. अप्पांचा चेहरा असा झाला, जणू हरवलेला चुलता परदेशात भेटला. पण फिडलचा आवाज मैदानात किती जाणार? वाजवायला हवं तर पिळ्ळैंनी.

पिळ्ळै म्हणजे पहाटे तळ्याकाठी वाजवणारे देवळाचे नादस्वर विद्वान. तुमच्याकडे सनई, तसं आमच्याकडे नादस्वरम, पण सनईच्या दुप्पट लांब आणि आवाज तीन गावं जागी करील असा. सोबत तविल नावाचा ढोल. पिळ्ळै ठेंगणे, कानांत हिऱ्याच्या कुड्या, पोट गोल आणि रागलोभ भारी. एकदा लग्नात यजमान मधेच 'पुरे' म्हणाला म्हणून त्यांनी वाद्य गुंडाळलं होतं आणि मुहूर्तावर मंडपात नुसती शांतता झाली होती. ही गोष्ट गावात सगळ्यांना तोंडपाठ होती. त्यांना कोणी 'थोडक्यात वाजवा' म्हणायचं नाही, हा मेलक्कोडीचा अलिखित कायदा. मी वही घेऊन गेले. त्यांनी स्वर दोनदा ऐकले, डोळे मिटले. "राग उत्तम आहे. कोणाची रचना?"

"कोणा फ्रेंच माणसाची, मामा."

"भक्त होता?"

मी जरा विचार केला. "देशाचा भक्त होता."

"चालेल," पिळ्ळै म्हणाले.

मग आठवडाभर रोज शाळेनंतर मी त्यांच्या अंगणात बसायची आणि चुकलं तर वही दाखवायची. चुकायचं नाहीच. उलट त्या गीताला कधी नव्हते ते गमक आले, लचक आली, मधेच एखाद्या स्वरावर ते असे झुलत उभे राहायचे की माझ्याही अंगावर काटा यायचा. परवा नातवाने फोनवर ते राष्ट्रगीत लावून दाखवलं. मिनिटभरात संपलं. एवढंच? मी म्हटलं. पान वाढून लगेच उठवल्यासारखं वाटलं मला.

तेरा जुलैला दुपारी अप्पांनी मला हाक मारली. "यमू, जा, पिळ्ळैंना एक सांगून ये. आलापना नको. थेट गीत वाजवायचं आणि थांबायचं. राष्ट्रगीताला सगळ्यांस सावधान उभं राहावं लागतं, साहेब तर सलामीत राहणार. मिनिटभराचं काम आहे म्हणावं." तुम्हांला सांगायला हवं, की आमच्या संगीतात रचनेच्या आधी रागाची आलापना येते. गवई रागाचं घर आधी सावकाश फिरवून दाखवतो, मग गाणं. विद्वान जेवढा मोठा तेवढं घर मोठं.

मी गेले. पिळ्ळै ओट्यावर बसून नादस्वराच्या तोंडाशी बसवायच्या पिपाण्या पाण्यात भिजवत होते. शेजारी जरीकाठाची नवी वेष्टी, म्हणजे धोतर, घडी करून ठेवलेली. मला पाहून त्यांनी डब्यातून पनंकर्कंडू काढून हातावर ठेवलं, म्हणजे ताडाची खडीसाखर. "बस बाळ," म्हणाले. "तीस वर्षं वाजवतोय मी. लग्नात वाजवतो तेव्हा लोक जेवतात. मिरवणुकीत वाजवतो तेव्हा चपला शोधतात. देवासमोर वाजवतो, तो एक ऐकतो, पण तो दगडाचा. उद्या म्हणे सगळे उभे राहणार, कोणी हलणार नाही, बोलणार नाही. खरं का?"

"खरं, मामा."

"असं कधी झालं नव्हतं," पिळ्ळै म्हणाले आणि पुन्हा पिपाण्यांकडे वळले. माझ्या तोंडात खडीसाखर आणि जिभेवर अप्पांचा निरोप. निरोप गिळला. दुसरं काही मला जमलंच नाही. घरी आले तेव्हा अप्पांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं." आयुष्यात अप्पांशी मी दोनदाच खोटं बोलले. दुसरं माझ्या लग्नाच्या वेळचं, ते वेगळं प्रकरण आहे.

चौदाची सकाळ. कालव्याला कावेरीचं पाणी नुकतंच पोचलं होतं, म्हणून सगळं गाव आधीच खुशीत होतं. साहेब मोटारीतून आले. पांढरा गणवेष, लालबुंद मान, तोंडावर माशी हलणार नाही इतका गंभीर. त्यांनी दगडावरचं कुंकू पाहिलं, रांगोळी पाहिली, पाय लागणार नाही असे बेताने वळसा घालून उभे राहिले. तेवढ्यावरून आईने शेरा दिला, "घरचं वळण चांगलं आहे." तात्तांनी दोरी ओढली. झेंडा वर गेला, वाऱ्याने फडकला. साहेबांनी तळहात बाहेर करून टोपीला लावला. तात्तांनीही लावला. सगळं गाव ताठ. पिळ्ळैंनी नादस्वर ओठाला लावलं, आणि एक लांब, गोल, मधासारखा 'सा' हवेत सोडला.

मग त्यांनी घर दाखवायला सुरुवात केली. ओटीवरून माजघर, माजघरातून परस, परसातून विहीर. घाई नाही. मी मनात म्हणत होते, आता सुरू होईल गीत, आता होईल. पिळ्ळैंनी डोळे मिटले. अप्पांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. साहेबांचा हात टोपीला तसाच. मानेवरून घाम ओघळून कॉलरमध्ये जाताना मला स्पष्ट दिसत होता. पण खाली कसा घेणार? त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत चालू होतं! मेलक्कोडीतल्या माणसांना यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट म्हातारे माना डोलावू लागले होते, आणि दुकानदार, जो दुपारी डाळ द्यायला उठत नसे, तो डोळे उघडे ठेवून मांडीवर ताल धरत होता. एक बकरी दगडाशी येऊन रांगोळीचं तांदळाचं पीठ चाटायला लागली. तात्तांच्या ओठांवर शिवी आलेली मी पाहिली आणि त्यांनी ती गिळलेली पण पाहिली. मग माझं लक्ष त्यांच्या गुडघ्याकडे गेलं. तो पाय लटपटत होता. देवा, मी म्हटलं, हे पडले तर? साहेब लिहितील, गावात धड उभं राहणारा एक शिपाईसुद्धा नाही. अण्णाचं नाव जाईल. आणि हे सगळं माझ्या एका खडीसाखरेच्या खड्याने.

अप्पांच्या घड्याळात अठरा मिनिटं झाली, तेव्हा पिळ्ळैंनी क्षणभर थांबून श्वास घेतला. तविलवाल्याने कडकडून एक थाप दिली आणि गीत आलं. काय सांगू तुम्हांला! इतका वेळ ज्या घरात फिरवून आणलं त्या घराचा मालक दारातून आत आला. तात्तांचे ओठ हलायला लागले. बायकांनी जिभा हलवून कुलवै घातली, लग्नात घालतात तशी. पिळ्ळैंनी गीत तीनदा वाजवलं, तिसऱ्यांदा दुप्पट लयीत, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे छोटं मंगलम वाजवून वाद्य खाली ठेवलं. मग तात्तांनी नावं वाचली. दात नसल्याने शब्द ओले यायचे, पण अकरावं नाव त्यांनी असं उच्चारलं की शेतातून ते परत ऐकू आलं.

साहेबांनी हात खाली घेतला. कोपर सरळ होईना, दुसऱ्या हाताने धरून करावं लागलं. ते तात्तांपुढे जाऊन उभे राहिले आणि काहीतरी विचारलं. तात्तांनी टाचा जुळवून एकच शब्द उच्चारला, "वुई." म्हणजे हो. बस. साहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले. आईने त्यांना पुरणपोळी, डांगर आणि सारातला पाव वाढला. आपला पाव असा सारात बुडालेला पाहून त्यांनी आधी एक कोपरा चाखला, आणि मग तीनदा मागून घेतला. "उभं राहून भूक लागते हो," आई मराठीत त्यांना म्हणाली, आणि त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मोटार निघून गेली. काय लिहिणार, कोणाला कळेना.

मोटारीची धूळ बसली तशी अप्पांनी मला परसात नेलं. मी आधीच रडायला लागले होते. "अप्पा, मी सांगितलंच नाही. ते इतके खूश होते. माझ्याने सांगवेना." मला वाटलं आता धम्मक लाडू मिळणार. अप्पा विहिरीच्या कठड्यावर बसले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला, परत घातला. "यमू," ते म्हणाले, "काल सकाळी मी स्वतः दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलों होतों. दोन्ही वेळां हवापाण्याचं बोलून परत आलों. माझ्याने नाही सांगवलं, म्हणून तुला पाठवलं." मी रडायची थांबले. आतून आईचा आवाज आला, "वा! बाप भित्रा तो भित्रा, वर पोरीच्या गळ्यात घोरपड!" त्यानंतर पत्र येईपर्यंत अप्पा आणि मी एकमेकांशी चोरांसारखे वागत होतो. टपालवाला दिसला की दोघे आत.

पत्र ऑगस्टच्या मध्यावर, आमचा आडि महिना संपता संपता आलं. तात्तांनी ते ओट्यावर बसून, आधी स्वतःशी, मग सगळ्यांना वाचून दाखवलं. मेलक्कोडीचा झेंडा मेलक्कोडीतच राहील. आपल्या नोकरीत इतक्या मनापासून केलेला समारंभ आपण पाहिला नाही, असं साहेबांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ हाताने वाढवलेली होती, की पुढच्या वर्षी सुरुवातीच्या भागासाठी थोड्या खुर्च्या ठेवता येतील का. सगळा ओटा हसला. दुकानदाराने बारा वाजून गेलेले असताना दुकान उघडून सगळ्या पोरांना गोळ्या वाटल्या. असं गावात आधी किंवा नंतर कधी झालं नाही.

मला मात्र हसवेना. सगळे गेल्यावर मी तात्तांपाशी बसून राहिले. त्यांनी विचारलं, "मादम्वाझेल यमू, काय झालं?" आणि मी सगळं सांगून टाकलं. अप्पांचा निरोप, खडीसाखर, माझं खोटं. त्यांचा लटपटणारा पाय मी पाहिला होता, तेही सांगितलं. "तुम्हांला किती दुखलं असेल, तात्ता."

ते गुडघा चोळू लागले. "दुखला," ते म्हणाले. "आठ दिवस मीठपाण्याने शेकत होतो. साहेबाने मला काय विचारलं माहीत आहे का? दर वर्षी हे असंच होतं का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. फौजेतल्या माणसाशी मी तेवढं एकच खोटं बोललो." मग टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचं टक्कल मी पहिल्यांदाच पाहिलं. "बाळ, अण्णा आणि मी पोरसवदा वयात गेलो. उन्हात, पावसात, चिखलात, फ्रेंच साहेबांपुढे सावधान उभे राहिलो. अण्णा तर उभ्याउभ्याच गेला. जन्म गेला माझा त्यांच्यासाठी उभं राहण्यात. आणि त्या दिवशी त्यांचा एक अख्खा साहेब आपल्या गावात, आपल्या पिळ्ळैच्या वाजवण्यापुढे, आमच्या अण्णाच्या नावासमोर हात न हलवता उभा राहिला. अठरा मिनिटं! तू निरोप दिला असतास तर मला हे दिसलं असतं का?"

मी मान हलवली. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, समोर आलेल्या बकरीला एक सणसणीत शिवी दिली आणि मला म्हणाले, "आता घरी जा. आणि पिळ्ळैला यातलं अवाक्षर बोलायचं नाही. सगळे त्याचं ऐकायला उभे होते, असंच त्याला वाटू दे. ते खरंच आहे."

तात्ता गेले, पिळ्ळैही गेले. मी अवाक्षर बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.